लिगामेंट आप्पा

जतमध्ये प्रत्येक दुखण्याला एक मालक असतो. साखर निवृत्त हेडमास्तरांच्या नावावर आहे. मुतखडा एस.टी.तल्या एका ड्रायव्हरकडे. तहसील कचेरीतल्या एका भाऊसाहेबांनी पित्त इतकी वर्षं सांभाळलंय, की दुसऱ्या कुणाला करपट ढेकर आली तरी लोक आधी त्यांना विचारून घेतात. गुडघा मात्र बेवारस होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे गुडघे दुखायचे, पण त्यात कुणी नाव काढलं नव्हतं. मग आमच्या आप्पांचं लिगामेंटचं ऑपरेशन झालं आणि तालुक्यातले सगळे गुडघे एका रात्रीत त्यांच्या ताब्यात गेले.

आप्पा त्रेचाळीस वर्षांचे. अडीच एकर द्राक्षबाग, बेदाण्याची शेड, दोन म्हशी आणि स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर कायमची एक खुर्ची. डाव्या पायाची पॅन्ट बारा महिने गुडघ्याच्या वर दुमडलेली. येणाऱ्याजाणाऱ्याला खूण दिसावी, हा हेतू. पण खुणेनं आप्पांना दगा दिलाय. दुर्बिणीचं ऑपरेशन, पुढं दोन बारीक भोकं आणि नडगीच्या वरच्या अंगाला दीड इंचाची एक रेघ. बस्स. "एवढ्या पैशात एवढीच?" असं त्यांनी शुद्धीवर आल्या आल्या विचारलं होतं. त्यांच्या मनात वीतभर तरी टाक्यांची रांग होती. शेवटी ऑपरेशनआधी डॉक्टरांनी कोणता पाय ते चुकू नये म्हणून मार्करनं काढलेला बाण त्यांनी आठवडाभर पाणी लागू न देता जपला. भेटायला येणाऱ्यांना तेवढा तरी ऐवज दिसायचा.

पाय मोडला कसा, याची तीन पाठांतरं आहेत. चौकातल्या पोरांना सांगायची: "चढाईला गेल्तो. बोनस घेतला, परत फिरताना तिघांनी पकड केली." सासुरवाडीला सांगायची: उलट्या बाजूनं मोटरसायकल आली, लेकराला वाचवायला उडी घेतली. उमदी-संखकडचं कुणी गाड्यावर आलं आणि त्यानं "एनात्री आप्पा?" म्हणून विचारलं, की कानडीतून बैलगाडा शर्यतीची हकिगत सुरू होते. 2023च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं शर्यतींचा रस्ता मोकळा केला, तो जणू आप्पांच्या या गोष्टीसाठीच.

खरी हकिगत वहिनींकडं आहे आणि ती त्या चहाबरोबर फुकट देतात. मार्गशीर्षात यल्लम्माची यात्रा होती. आप्पांनी पाहुण्याचा माडग्याळी मेंढा क्षणभर धरतो म्हणून दोर हाताला गुंडाळून घेतला. माडग्याळी मेंढा ज्यानं पाहिला नसेल त्याला कल्पना यायची नाही. उंच अंग, पोपटाच्या चोचीगत बाक आलेलं नाक, आणि किमती अशा, की त्यात जुनी चारचाकी यावी. मेंढ्याला समोर दुसरा मेंढा दिसला. मेंढा गेला, दोर गेला, आप्पाही गेले; फक्त डावा पाय चिखलात रुतून जागेवर राहिला. गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला तो म्हणे मेंढीवाल्यानंही ऐकला.

आमच्या तालुक्यात आजारी माणसाला दोन वाटा. पूर्वेचा असेल तर विजापूर, पश्चिमेचा असेल तर मिरज. मिरजेवर आमची श्रद्धा जुनी. 1894 मध्ये डॉ. वानलेस यांनी तिथं दवाखाना काढला, तेव्हापासून 'मिरजेला हलवलं' या दोन शब्दांवर इकडच्या चार पिढ्या जगल्यात किंवा मेल्यात. जत रोड नावाचं रेल्वे स्टेशन आहे, पण ते गावापासून इतकं लांब, की तिथवर जाण्याएवढा पाय धड असेल तर मिरजेला कशाला जायचं? तेव्हा जीप केली. मागच्या सीटवर आप्पा आडवे, पुढं ड्रायव्हरशेजारी मी, आणि नागज फाट्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला आप्पांचा एक अभिप्राय.

डॉक्टर तरुण होते, शांत होते आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती. हीच त्यांची चूक. त्यांनी आप्पांना उताणं निजवलं, गुडघा जरासा वाकवला, एका हातानं मांडी धरली, दुसऱ्या हातानं नडगी पुढं ओढली. नडगी निवांत पुढं आली. एमआरआयनं पुढं तेच सांगितलं. गुडघ्याच्या मधोमध मांडीचं हाड आणि नडगी यांना तिरकं बांधणारं जे लिगामेंट, एसीएल, ते तुटलं होतं.

"मग शिवा की," आप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं, की हे नुसतं शिवून सहसा भागत नाही. बाहेर कुठं कापलं तर रक्त गोठतं, त्या गाठीच्या आधारानं जखम भरते. गुडघ्याच्या आत सांध्याचं पाणी असतं. ते गाठ धरूच देत नाही. म्हणून तुटलेल्याच्या जागी नवा दोर घालायचा. मांडीच्या मागच्या दोन शिरा काढायच्या, दुमडून जाड करायच्या, मांडीच्या हाडात आणि नडगीत बोगदे पाडायचे, त्यातून दोर ओवायचा, वर धातूचं बटण आणि खाली स्क्रू.

आप्पांनी हिशेब केला. "म्हंजे शीर माझी, हाड माझं, भोक माझ्या हाडाला, आन् बिल बी मलाच?"

सूज उतरायला थोडे दिवस दिले आणि जानेवारीअखेर ऑपरेशन झालं. खरी करमणूक त्यानंतरची. डॉक्टरांनी ऑपरेशनची चित्रफीत पेनड्राइव्हवर दिली. का दिली ते त्यांनाच ठाऊक. जपानात 1918 मध्ये केनजी ताकागी यांनी मूत्राशय बघायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पहिल्यांदा आत डोकावून पाहिलं. तिथून शंभरेक वर्षांत विद्या इतकी पुढं गेली, की जतच्या स्टँडवर भजी खाणाऱ्या कुणालाही आप्पांचा गुडघा आतून पाहता येतो. पाहायचा नसला तरी. मोबाइल पुढं धरून आप्पा समालोचन करतात. "ही गादी. हे हाड. हा पांढरा दोर आला बघ. आता थांब, हितं डॉक्टरनं वाईच दम खाल्लाय." एका लग्नात वधूपित्याला त्यांनी अक्षतांच्या आधी हे दाखवलं. बिचारा 'छान, छान' म्हणत होता. त्याला वाटलं फार्महाऊसच्या बोअरमध्ये सोडलेला कॅमेरा आहे.

पण मी सांगत होतो ते दोराचं. टाके काढायला गेलो तो दिवस तेरावा निघाला, हा योगायोग. त्या दिवशी डॉक्टरांनी गुडघा निरखून पाहिला, खूश झाले आणि म्हणाले, "आता लक्षात ठेवा आप्पा, आत घातलेला दोर सध्या मरतोय."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी कॅलेंडरकडं पाहिलं.

"मयत हाय म्हंता, माझ्या पायात?"

डॉक्टरांनी कागद ओढला आणि चित्र काढायला घेतलं. मांडीतनं काढून आणलेल्या शिरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. तिच्यातल्या पेशी पहिल्या काही आठवड्यांत मरून जातात, उरतो तो नुसता धाग्यांचा सांगाडा. मग सांध्याच्या अस्तरातून बारीक रक्तवाहिन्या त्या सांगाड्यात शिरतात, नव्या पेशी येऊन वस्ती करतात, जुने धागे काढतात, नवे घालतात, आणि शिरेचं हळूहळू लिगामेंट होतं. 1986 मध्ये अमेरिकेत सशांवर काम करणाऱ्यांनी या प्रकाराला नाव दिलं लिगामेंटायझेशन. तीस आठवड्यांत सशांच्या गुडघ्यातली शीर लिगामेंटचं रूप धरून होती. दुसरीकडं बोगद्याच्या भिंतीला दोर चिकटायचा असतो, तेही काम वेगळंच चालू असतं. 1993 मध्ये कुत्र्यांवर पाहिलं, तर आठव्या आठवड्यापर्यंत ओढला की दोर बोगद्यातून सुटून येत होता. बाराव्या आठवड्यात मात्र बोगद्यानं तो सोडला नाही.

आप्पांनी यातलं काय घेतलं? "कुत्र्याला बारा आठवडं. सशाला तीस. आन् माणसाला?"

"वर्ष. पूर्ण पिकायला काही जणांना दोन वर्षंही."

"मानसाचा जल्मच वंगाळ," आप्पा म्हणाले आणि वॉकर उचलला.

डॉक्टरांनी मग दुसरी चाल केली. केसपेपरवर धंदा 'द्राक्ष बागायतदार' लिहिला होता. ते म्हणाले, "आप्पा, तुम्ही डॉगरीजचा खुंट कधी लावता?" आप्पा फुलले. फेब्रुवारीत खुंट लावायचा, ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर कलम करायचं, पट्टी आवळून बांधायची, डोळा फुटला तरी हात लावायचा नाही, मग ओलांडा तयार करायचा, काडी पिकू द्यायची, तेव्हा कुठं पुढच्या साली घड. हे त्यांनी असं सांगितलं, की बाहेरचे तीन पेशंट दारात येऊन ऐकत उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, "मग कलम बांधल्याच्या तिसऱ्या महिन्यात तुम्ही वेल हलवून बघता का, धरलंय का म्हणून?" आप्पा म्हणाले, "यडा हाय का मी?" डॉक्टर म्हणाले, "तेच मला तुमच्याकडून लिहून हवंय."

हे मला आप्पांच्या स्वभावातलं फार मोठं कोडं वाटतं. वाट पाहणं हा आमच्या तालुक्याचा पिढीजात धंदा आहे. पावसाची वाट पाहायची, टँकरची पाहायची. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी येणार म्हणून किती निवडणुका वाट पाहिली. आप्पांनी त्या पाण्याच्या पाइपांची नुसती गोष्ट ऐकत मिशा पिकवल्या, पण कधी चिडले नाहीत. द्राक्षाला ते आईच्या मायेनं वेळ देतात. वेळ द्यायचा नाही तो फक्त स्वतःच्या गुडघ्याला. गुडघ्याला ते खर्च देतील, खुराक देतील, नवस देतील. महिना मागितला की देणार नाहीत.

तेव्हा दोर लवकर पिकवण्याचे उपाय सुरू झाले. कुणी हाडजोडी वेल सांगितली, घरामागं लावली. कुणी सीमेपलीकडचा हाडवैद्य सांगितला. तो वहिनींनी उंबऱ्यातूनच परत पाठवला. सासूबाईंनी डिंकाचे लाडू पाठवले, ते बाळंतिणीचे असतात हे कळूनही आप्पांनी डबा संपवला. दोन महिन्यांत वजन सात किलोनं वाढलं आणि तो सगळा भार त्याच गुडघ्यावर आला.

मोबाइलवर रात्री दोनपर्यंत अभ्यास. सकाळी मला फोन. "पीआरपी म्हंजे काय म्हायतंय का? आपलंच रगात काढायचं, मशिनीत गरागरा फिरवायचं, त्यातला पिवळा रस आपल्यालाच टोचायचा." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पुष्कळ ठिकाणी करून पाहिलंय. काही तपासण्यांत दोर जरा लवकर पिकल्यासारखा दिसतो, पण वर्षा-दोन वर्षांनी पेशंट चालवून पाहिला तर टोचलेल्यात आणि न टोचलेल्यात ठळक फरक हाती लागत नाही. आप्पांना 'पिकल्यासारखा दिसतो' एवढंच ऐकू आलं. बिलाचा आकडा ऐकल्यावर तेही ऐकू येईनासं झालं. रक्तही आपलंच निघाल्यावर पुन्हा बिल आपल्यालाच, हा मुद्दा त्यांनी दुसऱ्यांदा मांडला.

पाया सूपचं प्रकरण मात्र नाजूक आहे, कारण त्यात आप्पा अर्धे बरोबर निघाले. शेळीचे खूर रात्रभर मंद आचेवर उकळायचे, वर आलेला चिकट रस्सा प्यायचा. वहिनी नाक मुरडायच्या. डॉक्टर हसतील म्हणून आप्पांनी मुद्दाम विचारलं, तर डॉक्टर हसले नाहीत. 2017 मध्ये ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या एका चमूनं आठ निरोगी पुरुषांना पंधरा ग्रॅम जिलेटिन आणि क जीवनसत्त्व दिलं, तासाभरानं सहा मिनिटं दोरीच्या उड्या मारायला लावल्या, तर रक्तात कोलॅजन तयार होण्याची खूण दुपटीनं वाढली. खुराच्या रश्शात जिलेटिन असतंच. आठच माणसं, तीही धडधाकट. तेव्हा यावर फार मोठी इमारत बांधता येणार नाही, पण वर लिंबू पिळून प्या आणि तासानं व्यायाम करा, नुकसान नाही.

आप्पांनी गावात जाहीर केलं, की अमेरिकेनं पाया सूप मान्य केलं. लिंबू पिळू लागले. व्यायामाच्या वेळेला, सुपानं येते ती झोप यायची.

व्यायाम म्हणजे काय, तर कॉटवर बसून टाच मागं सरकवायची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा आणि दहा आकडे मोजायचे. ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू रुसून बसतो, त्याला रोज उठवावं लागतं. याला ना खर्च ना कौतुक, आणि यात दुसऱ्याला दाखवण्याजोगं काहीच नाही. आप्पा दहा आकडे मोजायचे ते एक, दोन, सात, दहा असे. फिजिओथेरपीच्या मॅडम, आप्पांच्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या, टेप घेऊन मांडीचा घेर मोजायच्या. दोन्ही मांड्यांत तीन सेंटिमीटरचा फरक. आप्पांचा युक्तिवाद: "उजवी लाडवानं सुजलीया."

आणि तंबाखू. ही गोष्ट मी शेवटी ठेवणार होतो, कारण आप्पाही ती शेवटीच ठेवतात. मरत्या दोराला जिवंत करायचं तर त्यात बारीक रक्तवाहिन्या शिरायला हव्यात, आणि निकोटिन नेमक्या त्याच आवळतं. ओढणाऱ्यांचे दोर सैल राहतात, जास्त फसतात, हे बऱ्याच ठिकाणी दिसून आलंय. डॉक्टरांनी हे तीनदा सांगितलं. आप्पा खिशातून चंची काढून, डाव्या तळहातावर चुना घेऊन, अंगठ्यानं मळत मळत सगळं लक्षपूर्वक ऐकत होते. पिचकारी मारायला खिडकी नाही हे पाहून थांबले आणि म्हणाले, "ते वडणाऱ्यांचं झालं. मी धूर कुठं काडतोय?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. त्या दिवशी ते पुढं काही बोलले नाहीत.

दोर सगळ्यात कच्चा कधी असतो? तर ज्या दिवसांत गुडघा सगळ्यात छान वाटतो तेव्हा. सूज गेलेली, दुखणं गेलेलं, वॉकर माळ्यावर. आत मात्र जुनं मोडून झालंय आणि नवं पुरतं उभं राहिलेलं नाही. साधारण दुसरा-तिसरा महिना. आप्पांचा हा काळ बरोबर एप्रिलात आला. एप्रिल म्हणजे बागेत खरडछाटणी आणि गावात लग्नसराई. वरातीत डीजे लागला. आप्पा आधी खुर्चीत बसून खांदे हलवत होते. मग उभं राहून हलवू लागले. मग कुणीतरी 'आप्पा, आप्पा' म्हणून ओरडलं. वहिनी बायकांच्या घोळक्यातून निघाल्या, वरात चिरत गेल्या, आप्पांचा पट्टा मागून धरला, आणि हजार माणसांत मोठ्यानं म्हणाल्या, "मेंढ्याची गोष्ट सांगू काय माइकवर?"

आप्पा बसले.

याच सुमारास गाड्यावर दोन पक्ष पडले. आप्पांचा पक्ष स्मृती मानधनाचा. आमच्या सांगलीची पोरगी! जानेवारी 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लीगमध्ये खेळताना तिचं हेच लिगामेंट तुटलं आणि जूनमध्ये ती वर्ल्ड कपला उभी. पहिल्या सामन्यात इंग्लंडविरुद्ध 90, दुसऱ्यात वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद 106. "पाच म्हैन्यात! आन् मला म्हंत्यात नऊ म्हैने बस." विरोधी पक्ष चहावाल्याचा आणि तो ऋषभ पंतचा. डिसेंबर 2022 च्या अखेरीला गाडीचा अपघात, मुंबईत गुडघ्याचं ऑपरेशन, आणि मैदानात परत आला तो मार्च 2024 मध्ये. "त्याच्यामागं अख्खं बोर्ड हुतं, तरी सव्वा वर्स लागलं," चहावाला म्हणायचा. "तुमच्यामागं कोन हाय? वैनी."

खुद्द डॉक्टर नऊ महिन्यांवर अडून बसले होते, त्यालाही आधार होता. ओस्लो आणि डेलावेअर इथल्या 106 जणांचा पाठपुरावा 2016 मध्ये छापून आला. खेळाला परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितके महिने लांबवलं, तितक्या वेळा, दर महिन्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं उतरत गेलं. आप्पांनी यावर विचारलं, की निम्म्याचं निम्मं करत गेलं तर कधीच शून्य होत नाही, मग थांबायचं कशाला? मुलगी बारावी सायन्सला असण्याचे हे परिणाम.

पण आप्पांना खरा घाव बसला तो वेगळ्याच दिशेनं. गल्लीतल्या एका टेम्पोवाल्याचंही एसीएल तुटलं. आप्पा तातडीनं मार्गदर्शनाला गेले: चित्रफीत, पेनड्राइव्ह, सूपची कृती, सगळं घेऊन. तर त्या टेम्पोवाल्याला त्याच्या डॉक्टरनं सांगितलं, तू कबड्डी खेळत नाहीस, आधी तीन महिने व्यायाम कर, गुडघा निसटतोय का बघू, मग ठरवू. त्यानं इमानानं व्यायाम केला. गुडघा निसटला नाही. ऑपरेशन झालंच नाही. स्वीडनमध्ये असंच करून पाहिलंय. 2010 मध्ये छापलेल्या त्या कामात 59 तरुणांना आधी व्यायामावर ठेवलं होतं, त्यातल्या 23 जणांनाच दोन वर्षांत ऑपरेशन लागलं. आप्पांना ही आकडेवारी मी सांगितली, ती मैत्रीला बाधक ठरली. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. टेम्पोवाला मात्र रोज गाड्यासमोरून गोण्या घेऊन जायचा, आणि आप्पा दुमडलेली पॅन्ट खाली करायचे.

ऑक्टोबर आला. बागेत फळछाटणी, गुडघ्याला नऊ महिने. आता परीक्षा होती आणि ती परीक्षा म्हणजे चक्क लंगडी. एका पायावर उभं राहून पुढं जास्तीत जास्त लांब उडी घ्यायची, त्याच पायावर पडायचं, तोल जाऊ द्यायचा नाही, आणि टेपनं अंतर मोजायचं. आधी धडका पाय, मग ऑपरेशनचा. ऑपरेशनच्या पायाची उडी दुसऱ्याच्या नव्वद टक्के तरी भरली पाहिजे. जगभर याचे शास्त्रीय तक्ते आहेत. आमच्याकडं शाळेच्या पटांगणात पोरी हे खडूच्या चौकोनात करत होत्या, फक्त टक्केवारी काढत नव्हत्या.

आप्पा आदल्या रात्री झोपले नाहीत. सकाळी नवी चप्पल नको म्हणून अनवाणी आले. सोबत वहिनी, मी आणि निकाल ऐकायला चहावाला. मॅडमनी जमिनीवर टेप अंथरला.

उजवा पाय. आप्पांनी श्वास घेतला, अंग आवरलं आणि बेतशीर उडी मारली. एकशे चोवीस सेंटिमीटर. डावा पाय. दात-ओठ खाऊन, 'यल्लम्मा' म्हणून मारली. एकशे अठरा. मॅडमनी मोबाइलवर भागाकार केला. पंच्याण्णव टक्के! चहावाल्यानं टाळी वाजवली. आप्पांनी पॅन्ट दुमडली.

मॅडम कागद बघत होत्या. मग म्हणाल्या, "आप्पा, उजव्या पायावर आपण सहाव्या महिन्यात सरावाची उडी घेतली होती. तेव्हा एकशे पन्नासच्या पुढं गेला होतात."

"वय झालं, मॅडम."

"तीन महिन्यांत?"

"मानूस खचतो."

मॅडमनी टेप पुन्हा सरळ केला. उजव्या पायावर, मनापासून, पुन्हा एकदा. आप्पांनी वहिनींकडं पाहिलं. वहिनी खिडकीतून बाहेर बघत होत्या, ओठ घट्ट मिटून. चहावाला बारीक आवाजात म्हणाला, "पलीकडनं मेंढा आला समजा."

आप्पा उडाले. टेप संपायच्या जरा अलीकडं पडले, तिथून तोल सावरत भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राला दोन्ही हातांनी मिठी मारली. एकशे बासष्ट! अशी उडी त्या खोलीत त्या वर्षी कुणी मारली नसावी. आप्पा घामानं न्हाले होते, छाती फुगली होती, आणि सगळ्यांकडं बघत ते कौतुकाची वाट पाहत होते.

मॅडमनी भागाकार केला. "त्र्याहत्तर टक्के. अजून दीड महिना व्यायाम, आणि खिशातली ती चंची इथं टेबलावर."

"आवो पर मॅडम," आप्पा चंचीवर हात दाबून धरत म्हणाले, "ह्यो उजवा पाय लई पुढं गेला, ह्यात डाव्याचा काय गुन्हा?"